ट्रॅक्टर-ट्रॉलीचा विमा : काय भरून मिळतं, काय मिळत नाही



गळीत हंगाम तोंडावर आला की वाहतूकदार सभासदांची लगबग सुरू होते. टायर बदलले जातात, हुक वेल्डिंग करून घेतला जातो, ट्रॉलीचे पाटे तपासले जातात. विम्याचा कागद मात्र रस्त्यावर पोलिसांनी गाडी अडवली म्हणजेच आठवतो. बेणं, लागण, खतं आणि पाणी सोडून ऊस विकास अधिकाऱ्यानं विम्यावर का लिहावं, असं कोणी म्हणेल. कारण साधं आहे. दोन-चार वर्षं खपून एकरी उतारा पाच-दहा टनांनी वाढवायचा, आणि एका रात्रीच्या खेपेत झालेल्या अपघातापायी सातबारावर बोजा चढवून घ्यायचा, असा व्यवहार आपल्याला परवडणारा नाही. शिवाय गट कार्यालयात बसल्यावर दिसतं की विमा बहुतेकांनी काढलेला असतो, पण त्यात काय लिहिलं आहे हे वाचलेलं नसतं. "पावती हाये ना साहेब, मंग झालं," एवढ्यावर काम भागतं. पावती म्हणजे पैसे भरल्याचा पुरावा. विमा कशाचा आहे, हे पॉलिसीत असतं.

आधी कायदा काय आहे ते पाहू. आपल्या देशात मोटारवाहनांचा विमा सक्तीचा झाला तो १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानं, आणि ती सक्ती प्रत्यक्षात लागू झाली १ जुलै १९४६ पासून. पुढं १९८८ चा नवा कायदा आला, तो १ जुलै १९८९ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक जागी कोणतंही मोटारवाहन तिसऱ्या पक्षाच्या विम्याशिवाय चालवता येत नाही. याला आपण 'थर्ड पार्टी' म्हणतो. पहिला पक्ष म्हणजे गाडीमालक, दुसरा विमा कंपनी, आणि तिसरा म्हणजे आपल्या गाडीनं ज्याचं नुकसान झालं तो रस्त्यावरचा माणूस. म्हणजे सक्तीचा विमा हा आपल्या ट्रॅक्टरसाठी नाहीच. तो त्या तिसऱ्या माणसासाठी आहे. "दरसाल विमा भरतो, अन् ट्रॅक्टर उलटला तं कंपनीनं दमडी देली नाही," अशी तक्रार दर हंगामात कानावर येते. कागद पाहिला तर तो नुसत्या थर्ड पार्टीचा निघतो. त्यात स्वतःच्या गाडीचं नुकसान कधीच नव्हतं.

विमा नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनंतर आहे. सभासदांच्या मनात भीती असते ती या दंडाची. खरी भीती वेगळीच आहे, आणि ती आकड्यांतच समजून घ्यावी.

समजा, आपल्या ट्रॅक्टरच्या धक्क्यानं ३५ वर्षांचा एक मोटारसायकलस्वार गेला. तो महिन्याला १२,००० रुपये कमावत होता. मागं बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई कशी काढतं, याची पद्धत सर्वोच्च न्यायालयानं सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिली आहे. स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगारावर काम करणारा आणि चाळिशीच्या आतला माणूस असेल तर पुढच्या वाढत्या कमाईपोटी ४० टक्के मिळवतात. १२,००० चे झाले १६,८००. अवलंबून असणारी माणसं चार असल्यानं त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करतात. राहिले १२,६००. वर्षाचे झाले १,५१,२००. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणतात. ३१ ते ३५ या वयाला तो आकडा १६ आहे. एकूण झाले २४,१९,२००. यावर अंत्यविधीचा खर्च, कुटुंबाच्या वियोगाची रक्कम आणि व्याज वेगळं. मयताची स्वतःची चूक शाबीत झाली तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते, पण ती चूक शाबीत करावी लागते.

थर्ड पार्टी विमा चालू आणि बिनचूक असेल तर ही रक्कम कंपनी भरते. मृत्यू आणि इजा यांच्या भरपाईला कंपनीच्या बाजूनं वरची मर्यादा नाही, हा या विम्याचा सर्वांत मोठा गुण आहे. विमा नसेल तर हे पंचवीस लाख गाडीमालकानं भरायचे. आणि तो भरत नसेल तर कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला पाठवतं, आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. आपल्या शेतकऱ्याला याचा अर्थ फोड करून सांगायला नको.

मेलेल्या बैलाचंही तसंच. आपल्या ट्रॅक्टरनं उसाच्या बैलगाडीला धडक दिली आणि बैलजोडी गेली, तर बैल आणि गाडी ही तिसऱ्या पक्षाची मालमत्ता. मालमत्तेच्या नुकसानीला ट्रॅक्टरसारख्या वाहनाच्या पॉलिसीत साधारणपणे साडेसात लाखांची मर्यादा असते. काही जण थोडा हप्ता वाचवण्यासाठी ही मर्यादा ६,००० रुपयांवर आणून ठेवतात. आज सहा हजारांत बैलाचं वेसणसुद्धा हातात येत नाही, म्हणून ती सूट घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बैल दगावला तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन करून घ्यावं. नुसत्या पंचनाम्यावर किमतीचा वाद मिटत नाही.

आता मुद्द्याचं. विमा आहे, तारीख चालू आहे, तरी कंपनी हात वर करते, असं कशामुळं होतं?

पहिलं कारण ट्रॉली. "ट्रॅक्टरचा विमा हाये, मंग ट्रॉलीचा अलग कायले?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्यासाठी हा लेख लिहिला असं म्हटलं तरी चालेल. कायद्याच्या व्याख्येत 'मोटार वाहन' या शब्दात ट्रॉलीही येते. तिला इंजिन नसलं तरी तिची नोंदणी वेगळी आणि विम्यात तिचा उल्लेखही वेगळा. गावच्या वेल्डिंगवाल्याकडून बांधून घेतलेली, ना नंबर ना कागद अशी ट्रॉली कंपनीच्या लेखी अस्तित्वातच नसते. उसाला तर बहुधा दोन ट्रॉल्या लागतात. पॉलिसीत एकच लिहिलेली असते, आणि मागची ट्रॉली उतारावर हेलकावा खाऊन मोटारसायकलवाल्याला घासते. म्हणून दोन्ही ट्रॉल्यांची नोंदणी करून त्यांचे क्रमांक पॉलिसीत लिहून घ्यावेत.

दुसरं कारण वापर. शेतीचा ट्रॅक्टर हे केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे बिगर-वाहतूक वाहन आहे. शेतमाल वाहणाऱ्या ट्रॉल्या ओढणं हेही त्याच्या कामात येतं. त्यामुळं स्वतःच्या शेतातला ऊस स्वतःच्या ट्रॅक्टरनं आणला तर फारसा प्रश्न येत नाही. पण आपण वाहतुकीचा करार करतो, चार गावांचा ऊस टनावर भाडं घेऊन आणतो. शेतीच्या पॉलिसीत सामान्यतः 'भाड्यानं वापर वगळून' असं वाक्य असतं. ते बारीक अक्षरांत असतं, म्हणून नजरेस पडत नाही. अपघात झाला की कंपनीचा वकील कारखान्याचा करार आणि वजनकाट्याच्या पावत्याच न्यायाधिकरणापुढं ठेवतो. निकाल प्रत्येक प्रकरणातल्या पुराव्यावर लागतो, पण आपण तो जुगार का खेळावा? विमा काढतानाच प्रस्तावात लेखी कळवावं की हा ट्रॅक्टर हंगामात भाड्यानं ऊस वाहतो, आणि तसा वापर पॉलिसीत नोंदवून घ्यावा. हप्ता वाढेल. तो खर्च वाहतुकीच्या दरातच धरायचा.

तिसरं कारण माणसं, आणि यावर मी जरा थांबणार आहे. २० ऑगस्ट २०२१ रोजी आपल्याच सिंदखेडराजा तालुक्यात, दुसरबीडच्या पुढं तढेगाव फाट्याजवळ, समृद्धी महामार्गाच्या कामावरचे मजूर आणि लोखंडी सळ्या एकाच टिप्परमधून चालल्या होत्या. टिप्पर उलटला आणि १३ मजूर गेले. पोट भरायला परमुलखातून आलेली माणसं ती. माल आणि माणूस एकाच हौद्यात घातल्यावर काय होतं, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायची गरज नाही. तरीही हंगामात रिकाम्या ट्रॉलीत तोडणीची टोळी, बायका, लेकरं, चूल-भांडी आणि वर कोयत्यांच्या मोळ्या अशी गाडी फडाकडं निघालेली आपण पाहतो. भरल्या उसावर निजलेला माणूसही पाहतो.

विम्याच्या दृष्टीनं ही माणसं 'तिसरा पक्ष' मानली जात नाहीत. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं आशा राणी प्रकरणात २००२ साली सांगितलं. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा निकालही आहे. ब्रिजमोहन (२००७) प्रकरणात एक मजूर वीटभट्टीच्या मातीच्या कामावर ट्रॉलीवरून पडून जखमी झाला. विमा फक्त ट्रॅक्टरचा आणि तोही शेतीकामापुरता, ट्रॉलीचा नव्हताच. न्यायालय म्हणालं, पॉलिसीप्रमाणे कंपनी जबाबदार नाही. मात्र मजूर गरीब आहे हे पाहून आपल्या खास अधिकारात कंपनीला सांगितलं, की त्याला पैसे आधी द्या आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा.

हे 'आधी द्या आणि मग वसूल करा' नीट ध्यानात घ्या. जखमीच्या घरी धनादेश पोचला की सभासद सुस्कारा सोडतो, कंपनीनं भागवलं म्हणतो. वर्ष-दोन वर्षांनी त्याच कंपनीची वसुलीची नोटीस दारात येते. परवाना नसलेला चालक असेल तरी बहुधा हेच घडतं. स्वर्णसिंग प्रकरणात (२००४) न्यायालयानं त्याची रीत घालून दिली आहे.

मडगार्डवर बसण्याचंही सांगून ठेवतो. ट्रकमध्ये मालाचा धनी किंवा त्याचा माणूस बसला असेल तर १९९४ च्या दुरुस्तीनं त्याला विम्याचं संरक्षण आहे. म्हणून ऊस ट्रकनं जात असेल तर केबिनमध्ये बसून काट्यापर्यंत यायला हरकत नाही. ट्रॅक्टरला मात्र बैठक एकच, चालकाची. मडगार्डवर बसून आपल्या उसाबरोबर येणारा शेतकरी कंपनीच्या हिशेबात कुठंच बसत नाही. पगारी चालक आणि भरणी-उतरणीचे हमाल यांच्यासाठी डोईप्रमाणे किरकोळ जादा हप्ता घेऊन संरक्षण मिळतं. किती माणसं, हा आकडा पॉलिसीत लिहिलेला असला पाहिजे. टोळीची ने-आण मात्र प्रवासी वाहनानंच करावी. मुकादमाला तसं करारातच बजावावं.

चौथं कारण चालक. इथं एक चांगली बातमी आहे. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचा परवाना निकामी होत नाही, असं नागशेट्टी प्रकरणात २००१ सालीच ठरलं होतं. आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की साडेसात हजार किलोपर्यंतचं हलकं वाहतूक वाहन चालवायला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. पण परवाना हवा, आणि तो चालू हवा. सोळा-सतरा वर्षांचं पोरगं रात्रीच्या खेपेला पाठवायचं, हा आपल्याकडचा प्रकार फार वाईट. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, अशी २०१९ पासून कायद्यात सोय आहे.

जुना ट्रॅक्टर विकणाऱ्यांनीही सावध राहावं. बाँडपेपरवर सही केली, पैसे मोजून घेतले, ट्रॅक्टर दुसऱ्या तालुक्यात गेला, आणि परिवहन कार्यालयातलं नाव तसंच राहिलं, असं सर्रास होतं. नवीनकुमार प्रकरणात (२०१८) सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक, मग गाडी मधल्या काळात चार हातांतून गेलेली का असेना. म्हणजे पैसे घेऊन आपण मोकळे, आणि पाच वर्षांनी परक्या गावच्या अपघाताचं समन्स आपल्या नावानं. विकणाऱ्यानं बुलढाण्याला जाऊन नाव बदलल्याची खात्री स्वतः करावी. घेणाऱ्यानं चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी.

मालकाच्या स्वतःच्या जिवाचं काय? पॉलिसीसोबत १५ लाख रुपयांचा 'मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा' घेता येतो. दुसरीकडं तसा विमा नसेल तर तो घेणं सक्तीचं आहे. पण नाव पाहा, मालक आणि चालक. ज्याच्या नावावर ट्रॅक्टर आहे, तोच परवान्यासह चालवत असेल तरच तो लागू. आपल्याकडं ट्रॅक्टर असतो वडिलांच्या नावावर, कारण कर्ज त्यांच्या सातबारावर. चालवतो मुलगा. तो ट्रॅक्टरखाली सापडला तर तो मालक नाही म्हणून हा विमा नाही, आणि मालकाच्या जागी बसून चालवत होता म्हणून तिसरा पक्षही नाही. घरचा कर्ता पोरगा असा दोन्हीकडून उघडा पडतो. त्याच्या नावानं वेगळा अपघात विमा काढावा.

थर्ड पार्टीचा मूळ दर केंद्र सरकार ठरवतं, तो सगळ्या कंपन्यांना सारखाच. त्यामुळं एजंट "माझ्याकडं स्वस्त" म्हणाला तर काय वगळलं ते विचारावं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी 'पॅकेज' पॉलिसी लागते. तिचा दर कंपनीगणिक वेगळा, तिथं घासाघीस चालते. कर्जाच्या नव्या ट्रॅक्टरला बँक पॅकेज मागतेच. दहा-बारा वर्षांच्या जुन्या ट्रॅक्टरला, माझ्या मते, भक्कम थर्ड पार्टी, चालक-हमालांचं संरक्षण आणि अपघात विमा एवढं पुरे. पॅकेज घ्याल तर ट्रॅक्टरची जाहीर किंमत योग्य लिहा. हप्ता वाचवायला ती निम्मी दाखवली तर चोरीनंतर मिळणारे पैसेही निम्मेच. टायर, दिवे, मडगार्ड यांचं नुसतं तेवढंच नुकसान झालं तर वेगळा हप्ता भरल्याशिवाय धंद्याच्या वाहनांना ते मिळत नाही. ट्रॉलीतला ऊस जळाला किंवा सांडला तर तो कोणत्याही मोटार पॉलिसीत बसत नाही.

मोटारसायकलवाल्यांनाही एक आठवण. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. त्या काळात घेतलेल्या अनेक गाड्यांची पाच वर्षं संपून गेली आहेत, आणि मालक मात्र "विमा हाये" याच समजुतीत आहेत. मोबाईलवर एम-परिवहनमध्ये गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते. शाळेत जाणारं पोरही पाहून देईल. ट्रॅक्टरचा विमा दरसाल नवा करायचा. हप्ता कंपनीला पोचल्यावर आणि पॉलिसीवर छापलेल्या वेळेपासूनच जोखीम सुरू होते. सकाळी अपघात आणि दुपारी विमा, हे चालत नाही.

अपघात झाल्यास चालकानं पळून जाऊ नये. जमाव अंगावर आला तर जवळचं पोलीस ठाणं गाठावं. जखमीला आधी दवाखान्यात न्यावं. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात, हे दवाखान्यात ठणकावून सांगावं. कायद्याप्रमाणे पोलिसांना चोवीस तासांच्या आत आणि कंपनीला लगोलग कळवावं. सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नये. आणि गावात बसून स्टँपवर परस्पर मिटवामिटव करू नये. कंपनीच्या संमतीशिवाय कबुली किंवा देण्याचं वचन देणं हा पॉलिसीच्या अटीचा भंग धरला जातो.

आपल्या घरचं माणूस दुसऱ्याच्या गाडीखाली सापडलं असेल तर दावा जिल्हा न्यायालयातल्या न्यायाधिकरणात करायचा. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात त्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून दिवस मोजत बसू नये. दावा अपघाताच्या ठिकाणी किंवा आपण राहतो त्या ठिकाणीही करता येतो. टोळीतल्या मजुराच्या घरच्यांना हे मुद्दाम सांगा, त्यांना त्यासाठी आपल्या जिल्ह्यात खेटे घालावे लागत नाहीत. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर इजेला ५०,००० रुपये सरकारी योजनेतून मिळतात. त्याचा अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडं करावा लागतो.

शेतकरी किंवा त्याच्या घरचा माणूस अपघातात गेला तर या सगळ्याशिवाय गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे २ लाख रुपये आहेत. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं तीस दिवसांच्या आत द्यायचा. दुःखात हे तीस दिवस कधी निघून जातात ते कळत नाही, तेव्हा शेजाऱ्यानं किंवा गटाच्या कर्मचाऱ्यानं पुढं होऊन कागद गोळा करावेत. चालक आणि हमालांसाठी बँकेत वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचं २ लाखांचं संरक्षण मिळतं. १८ ते ७० वयाच्या कोणालाही ते घेता येतं. हप्ता मे महिन्याच्या शेवटी खात्यातून आपोआप कापला जातो. त्या वेळी खात्यात वीस रुपये शिल्लक आहेत ना, तेवढं पाहावं.

— ऊस विकास अधिकारी